अकरा बायांचा बोजारा

दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या घरात दोन निकाल लागले. एक माझा, एक माझ्या आईचा. मी पास झाले आणि आई इंग्रजीत राहिली. बाबा तांदळाच्या गिरणीवर कामाला होते. त्यांनी सकाळीच सावलीच्या बाजारातून पावभर पेढे आणले होते आणि आता तो पुडा उघडावा की तसाच फडताळात ठेवावा हे त्यांना कळेना. ते पुडा हातात धरून दारात उभे राहिले. आई म्हणाली, "उघडा नं वो. अर्धे तं पास झालो आपण." तिनंच दोरा तोडला, पहिला पेढा माझ्या तोंडात घातला, दुसरा बाबांना दिला. स्वतः खाल्ला नाही. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. सोळाव्या वर्षी माणूस तेवढंच करू शकतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं गाव सावलीपासून पाचेक किलोमीटरवर, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनिसाचं काम म्हणजे झाडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं, पोरांची नाकं पुसणं आणि जे पोर आलं नाही त्याला घरून उचलून आणणं. शिकवणं आणि रजिस्टर लिहिणं हे सेविकेचं काम. खरं म्हणजे गाणी आईच शिकवायची, कारण पोरं तिचंच ऐकत. सेविकाबाई स्वभावाच्या चांगल्या होत्या, त्यांनाही हे कबूल होतं. पण पोरांचं वजन करायचा दिवस आला की आई काटा वाचून आकडा सांगायची आणि बाई तो रजिस्टरात लिहायच्या. सात वर्षं असंच चाललं. आई एकदा मला म्हणाली होती, "वजन मी करतो, पोट्टं मी धरतो, आन् लिहायच्या वेळी हात पुसून बाजूले व्हतो. मले ते रजिस्टर लिहायचं हाये."

सेविकाबाईंच्या नवऱ्याची बदली ऊर्जानगरला झाली होती. नव्या वर्षाच्या आत त्याही गाव सोडणार होत्या. जागा भरायची तर गावातलीच आणि दहावी पास बाई हवी. मदतनीस पास असेल तर पहिला हक्क तिचा, हे बाईंनीच आईला सांगितलं. आईची शाळा नववीतच सुटलेली. तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि माझ्याबरोबर, माझ्याच पुस्तकांवर, मार्चला बसली. गणितात पास झाली, जिथं माझीच बोंब होती. विज्ञानात, इतिहासात पास झाली. इंग्रजीत पस्तीस हवे होते, पडले सव्वीस. गावात दहावी झालेल्या दोन सुना होत्याच. आता आईजवळ ऑक्टोबरची एकच संधी उरली होती.

धड्यांची उत्तरं तिला पाठ होती. निबंधही पाठ होते. अडायचं ते व्याकरणात, कारण व्याकरण पाठ करून येत नाही. गाइडमध्ये एक पान होतं, परफेक्ट इन्फिनिटिव्हचं. 'टू' नंतर 'हॅव', 'हॅव' नंतर क्रियापदाचं तिसरं रूप. तिसरी रूपं तिनं पाढ्यांसारखी घोकली होती. खिचडी ढवळताना तिचं चालूच असायचं, गो-वेन्ट-गॉन, ईट-एट-ईटन, आणि अंगणवाडीतली चार वर्षांची पोरंही तिच्यामागून म्हणत. पण ती रूपं वाक्यात कुठं बसवायची ते तिला कळेना. त्या पानाशी आली की ती बोट ठेवून थांबायची.

एकदा तिनं मला विचारलं, "काऊन व, हे असं कोण बोलते? काम होऊन गेलं, मंग त्याच्या आंगाले हे 'टू' कायले?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मला त्या विषयात बावन्न मार्क होते, पण ते पाठांतराचे होते आणि ते मला आतून ठाऊक होतं. म्हणून मी चिडले. माझा स्वभावच तसा होता, अजूनही आहे. जे येत नाही त्यावर मी आवाज चढवते. "पाठ कर नं माय, समजून काय करतं?" असं मी ओरडले. तिनं पुस्तक मिटलं आणि तांदूळ निवडायला घेतले. त्या दिवशी मी स्वतःवर जितकी चिडले तितकी तिच्यावर नव्हते, पण ते तिला सांगायला मला पुढं कित्येक वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन सरांकडे गेली. सर म्हणजे शेजारच्या गावातल्या माझ्याच शाळेचे इंग्रजीचे सर. निवृत्तीला आलेले, अंगानं जाड, बोलायला गोड. त्यांची आमच्याच शिवारात धानाची शेती होती. त्यांनी आईला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, "बाई, आता रोवण्या लागतील. माझ्याही लागतील. ऑक्टोबर म्हणजे उद्याच आला समजा. मार्चले बसा आरामात. या वयात तिसरं रूप डोक्यात लवकर जात नाही." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त खरंच वाटत होतं की ही बाई पास होणार नाही, आणि कुणाबद्दल असं खरंच वाटणं मला तेव्हा शिवीपेक्षा जास्त लागलं. आईनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. मी मात्र त्या दिवसापासून सरांना नमस्कार करायचं सोडलं.

मग रोवणी लागली.

रोवणी म्हणजे पऱ्ह्यातली, आधी दाट पेरलेल्या वाफ्यातली, धानाची रोपं उपटून चिखलात एकेक करून लावणं. गावात बायांच्या टोळ्या असत, आणि आई ज्या टोळीत जायची तिच्यात तिला धरून बारा जणी होत्या. अंगणवाडी दुपारी सुटली की ती थेट बांधीवर जायची. माझं अकरावीचं कॉलेज सकाळचं होतं, त्यामुळे मीही जायचे, रोपांच्या पेंड्या पोचवायला. टोळीची म्होरकी एक काकी होती, साठीची, काटक, दात दोनच उरलेले. ती जिथं तिथं अंगठा द्यायची, पण टोळीच्या अकरा जणींवर तिची हुकूमत एखाद्या हेडमास्तरसारखी होती.

बाया रांगेत वाकून, मागे मागे सरकत रोप लावतात. हात सारखे चालतात आणि तोंडंही. रांगेत जी मागे राहील तिला शेजारच्या दोघी सांभाळून घेतात, तिच्या वाट्यातली चार-चार रोपं स्वतः लावतात. पण तिची गंमत करायची असली तर नाही सांभाळत. दोन्हीकडच्या बाया तिच्या मागून रांग जोडून घेतात, आणि ती मधल्या चिखलात एकटी कोंडली जाते. चहूकडून रोप लागलेलं, बाहेर पडायला वाट नाही आणि सगळ्या हसताहेत. याला आमच्याकडे कोंडणं म्हणत.

एका दुपारी रांगेत नेहमीच्या गप्पा चालल्या होत्या. एक म्हणाली, "त्या वरच्या आळीतल्यानं म्हैस इकली म्हणते." दुसरी म्हणाली, "त्याची सून माहेरी गेली म्हणते." तिसरीनं मान वर करून दूर पाहिलं आणि म्हणाली, "त्या पल्ल्याडच्यायची रोवणी झालेली दिसते वो." कुणी स्वतः काही पाहिलं नव्हतं. सगळं म्हणते, दिसते, वाटते यांच्यावर चाललं होतं.

आई एकदम ताठ उभी राहिली. हातात रोपांची पेंडी, कोपरापर्यंत चिखल, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ.

"काऊन व पोट्टी," ती मला म्हणाली, "हेच तं हाये!"

"काय?"

"म्हैस इकली म्हणते. इज सेड टू हॅव सोल्ड. सून गेली म्हणते. इज सेड टू हॅव गॉन. रोवणी झालेली दिसते. सीम टू हॅव फिनिश्ड." ती एकेक वाक्य बोलत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. "मी इचारलं होतं नं तुले, असं कोण बोलते? आपणच तं बोलतो!"

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेंडी धरून उभी होते. जे मला सरांनी शिकवलं नाही आणि गाइडनं समजावलं नाही ते माझ्या आईनं गुडघाभर चिखलात उभं राहून मला शिकवलं. आज मी इंग्रजीची शिक्षिका आहे, त्यावर डिग्र्या मिळवल्या आहेत, आणि तरीही सांगते की मला तो भाग त्या दिवशी समजला, त्याच्या आधी नाही.

काकीला यातलं कळलं एवढंच की आपल्या चहाड्यांचं इंग्रजी होतं. तिला ते फार आवडलं. तिनं लगेच नियम करून टाकला. रोज एकेकीनं एकेक खबर आणायची आणि आईनं तिचं इंग्रजी करायचं. बरोबर आलं तर शेजारणी सांभाळून घेणार. चुकलं तर कोंडणार. बरोबर-चूक मी सांगायची.

पहिल्या आठवड्यात माझी माय रोज कोंडली गेली. विचार करायला थांबली की मागे राहायची आणि घाईत बोलली की 'हॅव' गाळायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या लुगड्याचा रंग ओळखू येत नसे. बाबा म्हणायचे, "रोवाले जाऊन राह्यली का लोळाले?" पण ती थांबली नाही आणि टोळीही थांबली नाही. खबरा संपल्या की बाया बनवून आणायच्या. एकीच्या बकरीनं दुसरीचं लुगडं खाल्लं, तिसरीचा नवरा जावयाला घाबरून कणगीत लपला. तिसरी भांडायला उठली तर काकी म्हणाली, "म्हणते नं व, आमी कुठी पाह्यलं?"

काकीचा कान तर भारीच तयार झाला. तिला एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण आईनं वाक्य म्हटलं की ती रोप लावता लावताच ओरडायची, "हॅव कुठी गेला व? वाक्य लंगडून राह्यलं." आणि शंभरातल्या नव्वद वेळा तिचं बरोबर असायचं. मी गाइड पाहून सांगायचे, ती नुसती ऐकून सांगायची.

यात एक सोय अशीही झाली की शेतमालक धुऱ्यावर उभा असला तरी त्याच्याच तोंडावर त्याच्याबद्दल बोलता येऊ लागलं. आई इंग्रजीत बोलायची, मी हळूच मराठी सांगायचे आणि अकरा बाया खाली मान घालून खिदळायच्या. मालकाला वाटायचं, काम जोरात चाललंय.

टोळीचं शेवटचं शेत सरांचं होतं.

रविवार होता, म्हणून सर स्वतः छत्री घेऊन धुऱ्यावर उभे होते. काकीनं दुपारी फर्मान काढलं, "सरायवर एक घे." आई म्हणाली, "नाई वो काकी, गुरू हायेत." काकी म्हणाली, "मंग कोंडतो तुले." खबर काय द्यायची यावर रांगेत दोन मिनिटं कुजबुज झाली. शाळेत पोरगं असलेल्या एकीनं ती पुरवली. आईनं मान खाली घातली, आवाज जरा बारीक केला आणि म्हणाली,

"सर इज सेड टू हॅव स्लीप इन द क्लास."

"स्लेप्ट!" धुऱ्यावरून आवाज आला. तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीनं आलेला, विचार करून नव्हे.

मग सगळं थांबलं. सरांना आपण काय दुरुस्त केलं ते उमगलं, आणि सरांना उमगलं हे आम्हाला उमगलं. काकीला काही कळलं नव्हतं, पण सरांचा चेहरा पाहून ती जी हसायला लागली ती चिखलात बसलीच. तिच्यामागून सगळी रांग. आई तेवढी उभी होती, पांढरीफटक.

सर छत्री मिटून बांधीच्या काठापर्यंत आले. "कोणी सांगितलं हे?"

आई म्हणाली, "म्हणतात, सर."

सरांचे ओठ हलले. राग आवरत होते की हसू, मला कळलं नाही. मग ते म्हणाले, "आता हेच 'सीम्स' घालून करा." आईनं केलं, या वेळी 'स्लेप्ट' म्हणून. त्यांनी आणखी एक दिलं. मग आणखी एक. सर धुऱ्यावरून मराठी टाकत होते, आई चिखलातून इंग्रजी परत करत होती, आणि बाया हात थांबवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. पाचातली चार बरोबर आली. पाचव्यात काकीच ओरडली, "हॅव राह्यला!"

सरांनी छत्री पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. "बाई, हे तुम्हाले शिकवलं कोणी?"

आई माझ्याकडे पाहायला वळली, पण काकीनं आधीच सांगून टाकलं, "आमी."

दोन दिवसांनी रोवणी संपली. रोवणी संपली की शेतमालकानं टोळीला जेवण द्यायचं अशी आमच्या झाडीपट्टीत रीत आहे. त्याला बोजारा म्हणतात. बोजारा टोळीनं मागायचा आणि मालकानं द्यायचा, त्यात नाही म्हणणं बसत नाही. ज्याच्याकडून बोजारा राहिला त्याच्या बांधीत पुढच्या वर्षी टोळी मनापासून हात घालत नाही. सरांचा बोजारा पंचक्रोशीत नावाजलेला होता. बकऱ्याचं मटण, वर तांदळाच्या शेवया. बाया पहिल्या दिवसापासून त्याच्या गोष्टी करत होत्या, लेकरांना आधीच सांगून ठेवलं होतं.

बोजारा मागायला टोळी सरांच्या अंगणात जमली. सर बाहेर आले, हात जोडून म्हणाले, "काकी, सांगा. बकरा पाहून ठेवला हाये."

काकी म्हणाली, "बकरा राहू द्या. इले ऑक्टोबरपर्यंत शिकवा. रोज. हाच आमचा बोजारा."

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं काकीचा हात धरला. "काकी, असं नोका करू वो. लेकरं वाट पाहून राह्यली." आणि खरंच, मागं उभ्या असलेल्या एका तरण्या बाईचा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला. तरी ती काकीच्या पाठीशी सरकली. बाकीच्याही सरकल्या. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं.

सर गडबडले. "अवो, दोन्ही देतो नं! शिकवतो बी आन् जेवण बी."

काकी म्हणाली, "दोन बोजारे घेत नाई कोणी. रीत नाई."

तिनं पदर झटकला आणि ती निघाली. तिच्यामागून दहा जणी, एका रांगेत, उपाशी. माझ्या आईसाठी अकरा घरांतली लेकरं त्या दिवशी मटणाविना राहिली. मी आजवर बरेच सत्कार पाहिलेत, एक-दोन माझेही झाले. त्या पाठमोऱ्या रांगेइतकी छाती माझी कधी फुगली नाही.

सरांनी बोजारा फेडला, आणि चोख फेडला. रोज चार वाजता शाळा सुटली की शाळेच्या व्हरांड्यात आईसाठी खुर्ची टाकलेली असायची. मीही कोपऱ्यात बसायचे. मनात आणलं तर सर काय शिकवतात ते मला तेव्हा कळलं. पत्रलेखन, उतारे, काळ, सगळं त्यांनी उभं-आडवं करून घेतलं. एका इंग्रजी वाक्यासाठी ते पाच-पाच मराठी उदाहरणं शोधायचे, बांधीतली, बाजारातली. त्या दोन महिन्यांत ते एकदाही झोपले नाहीत. मी पुन्हा नमस्कार करायला लागले.

ऑक्टोबरला परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी आलं. एसटीनं मी तिच्याबरोबर गेले. तिनं विहारात जाताना नेसायची पांढरी साडी नेसली होती. फाटकावर एकानं तिला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबा." आईनं प्रवेशपत्र पुढं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पालक हे हाये."

तीन तासांनी ती बाहेर आली ती तोंड पाडून.

"आलंच नाई व," ती म्हणाली.

"काय नाई आलं?"

"टू हॅव. एक बी प्रश्न नाई. एवढी रोवणी घातली त्याच्यात. आता बायायले काय सांगू?"

पेपर एकंदरीत सोपा गेला होता, पण ते तिच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं. आपल्यासाठी उपाशी राहिलेल्या बायांचं शिकवणं पेपरात कुठंच लिहायला मिळत नाही, हे तिला सहन झालं नव्हतं. म्हणून तिनं काय केलं, तर निबंधाला 'माझं गाव' आलं होतं, त्यात पाठ केलेला सगळा मजकूर सोडून टोळीच्या खबरा लिहून काढल्या. अकरा बायांची अकरा वाक्यं. म्हैस विकल्याचं, सून माहेरी गेल्याचं, बकरीनं लुगडं खाल्ल्याचं, जावयाला घाबरून कणगीत लपल्याचं. सगळी 'सेड टू हॅव' लावून.

मी कपाळाला हात लावला. "माय, तपासणारा काय म्हणन?"

"म्हणन, गाव मोठं बोलकं हाये."

परतीच्या एसटीत मी रागानं प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा वाचत बसले. आई खिडकीतून हिरव्या बांध्या पाहत होती आणि मधेच एखादी दाखवून सांगत होती, ही आपल्या टोळीची, ही नाही.

निकाल लागला तेव्हा धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती. आईला इंग्रजीत एक्केचाळीस मार्क पडले. मार्कशीट हातात आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाबांना बाजारात पाठवलं, मटण आणायला. रविवारी आमच्या अंगणात अकरा बाया आणि त्यांची लेकरं रांगेत जेवायला बसली. काकी आधी यायला तयार नव्हती. "बोजारा शेतीवाला देते, तुही कुठी शेती व?" असं तिचं म्हणणं. आई म्हणाली, "तुमी रोवली नं काकी. आता पीक आलं तं जेवाले या." मग आली. सरही आले आणि बायांच्या रांगेला लागून खाली बसले.

जेवता जेवता काकी म्हणाली, "तो कागद दाखव." मार्कशीट रांगेत हातोहात फिरली. प्रत्येकीनं आधी हात पदराला पुसला, मग धरली. वाचता फक्त दोघींना येत होतं, पण पाहिली सगळ्यांनी, वरपासून खालपर्यंत. काकीपाशी आली तेव्हा तिनं मला विचारलं, "यात आपलं कोणतं?" मी इंग्रजीच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि तिथं स्वतःचा अंगठा दाबून ठेवला, बराच वेळ. हात पुसायचं ती एकटीच विसरली होती. अंगठा उचलला तेव्हा एक्केचाळीसच्या शेजारी हळदीचा, तेलाचा पिवळा ठसा उमटलेला.

सरकारी कागद होता. मी फडकं आणायला उठले, तर आईनं मला हातानं बसवलं.

सेविकेच्या जागेचा हुकूम पुढं जानेवारीत आला, आणि आईनं निवृत्त होईपर्यंत ते रजिस्टर स्वतःच्या हातानं लिहिलं. पण त्याच्या आधी तालुक्याच्या कार्यालयात मूळ कागद दाखवायचा दिवस होता. मी दाराशी उभी होते. टेबलामागच्या साहेबांनी मार्कशीट उजेडात धरली, भुवया चढवल्या आणि विचारलं, "बाई, हा डाग कसला?"

माझी आई ताठ उभी होती, रोवणीत 'हेच तं हाये' म्हणताना उभी राहिली होती तशी.

"डाग नाई साहेब," ती म्हणाली. "मले इंग्रजी शिकवलं, त्यायची सही हाये."